शेडच्या भिंतीवरचा दिवा
(प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)

मंडळी,

गेल्या आठवड्यात आपण विजेचे बिल वाचायला शिकलो. मागचे रीडिंग, चालू रीडिंग, दोहोंची वजाबाकी म्हणजे वापरलेले युनिट, हे तुमच्यापैकी बहुतेकांनी पाटीवर करून दाखवले. त्यावरून एक प्रश्न निघाला. गोठ्याच्या किंवा ट्रॅक्टरच्या शेडच्या बाहेरच्या भिंतीवर एक दिवा लावायचा आहे; घरातल्या बोर्डावरून वायर ओढून घेतली तर चालेल का? प्रश्न एका वाक्याचा आहे. उत्तराला आजचा सगळा तास लागणार आहे.

दिवा हवाच, याबद्दल वाद नाही. पहाटे पाचला धार काढायला जायचे, तर पाय कुठे पडतो ते दिसायला नको? पावसाळ्यात साप-विंचू कोरड्या जागेत शिरतात. रात्री कोणी ट्रॅक्टरच्या बॅटरीला हात घातला तर घरातून ते कळले पाहिजे. खर्चही फार नाही. पूर्वी शंभर वॅटचा बल्ब असे. तो दहा तासांत एक युनिट खाई. आता दहा वॅटचा एलईडी दिवा मिळतो. त्याला एक युनिट संपवायला शंभर तास लागतात. रोज दहा तास लावला तरी महिन्याला तीन युनिट. करून पाहा पाटीवर.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आम्ही मास्तर. वायरमनचा परवाना आमच्यापाशी नाही. बल्ब बदलणे, फ्यूज घालणे अशी किरकोळ कामे सोडली, तर वायरिंगचे काम परवानाधारक माणसानेच करावे असा कायदा आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०२३ साली सुरक्षेचे नवे विनियम काढले, त्यांतही ही अट आहे. मग आम्ही कशाला बोलतो? कारण पैसे तुम्ही देणार आणि त्या दिव्याखाली तुमचीच बायका-मुले, गुरेढोरे वावरणार. काम नीट झाले की नाही, हे तुम्हांला बघता आले पाहिजे आणि विचारता आले पाहिजे. आमचा एक जुना विद्यार्थी आज परवान्याचा वायरमन आहे. त्याच्याबरोबर चार ठिकाणी हिंडून, त्याचे काम बघून आम्ही हे शिकलो. विद्यार्थ्यापाशी शिकायला मास्तराने लाजू नये, असे आमचे मत आहे.

घरातला दिवा आणि बाहेरचा दिवा यांत फरक काय? घरात कोरडे असते, पायांत फरशी असते, भिंत विटामातीची असते. बाहेर पाऊस, ऊन, उंदीर, घुशी. खाली ओली जमीन. पाय पुष्कळदा अनवाणी. आणि मुख्य म्हणजे भिंत पत्र्याची, तिला लोखंडी अँगलचे खांब. पत्रा म्हणजे एक मोठी थोरली तारच समजा. एका कोपऱ्यात वीज उतरली की सगळी शेड जिवंत होते. बघायला गेले तर काहीच दिसत नाही.

एका वाडीवर आम्ही हे पाहिले. म्हैस गोठ्यात यायला तयार होईना. दारापाशी आली की अंग चोरायची, गव्हाणीच्या लोखंडी नळीला तोंड लागले की झटका देऊन मागे सरायची. घरच्या म्हातारीने दृष्ट काढली. दुसऱ्याने सांगितले, जनावर आजारी आहे, डॉक्टर आणा. घरधनीण म्हणाली, "मला पण खांबाला हात लावला की झिणझिण्या येतात हो, पण चप्पल घातली की येत नाहीत." ते ऐकल्याबरोबर आमच्या वायरमनने सगळ्यांना मागे सारले आणि घरात जाऊन मेन पाडला. म्हैस त्याच संध्याकाळी आत आली.

जनावराला हे माणसाच्या आधी का कळते? त्याचे चारही पाय ओल्या जमिनीवर, पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, आणि पायांत चप्पल नाही. बैलाच्या पायाला तर लोखंडी पत्री ठोकलेली. तेव्हा जनावर उगाच बुजू लागले, ओल्या दिवसांत खांबापासून लांब उभे राहू लागले, तर दृष्ट काढण्याआधी मेन पाडा.

तिथे झाले होते काय, ते नीट समजून घ्या. शेडच्या पत्र्याला खिळ्याने भोक पाडून त्यातून वायर बाहेर काढली होती. भोकाला रबरी बुश नव्हते. वाऱ्याने पत्रा हले, वायर हले. पत्र्याची धार सुरीसारखी. वर्षभरात तिने वायरचे प्लॅस्टिक कापले आणि आतले तांबे पत्र्याला टेकले. हे एक. दुसरे असे, की दिव्याचे बटण चुकीच्या तारेवर होते. दिव्याला दोन तारा जातात. एक फेज, तिच्यात वीज येते. दुसरी न्यूट्रल, तिच्यातून ती परत जाते. बटण नेहमी फेजवर हवे. तिथे ते न्यूट्रलवर होते. बटण बंद केले की दिवा विझे, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण वीज दिव्यापर्यंत जाऊन दारात उभीच. रात्रंदिवस.

मागच्या बाकावरच्या ताई विचारतात, "दिवा बंद असताना शॉक कसा बसेल, गुरुजी?" तो असा बसतो. हा प्रश्न सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

घरातली सगळी बटणे बंद करून वायरमनने दुरूनच, घरातल्या बोर्डापाशी, चिमट्यासारखा मीटर वायरभोवती धरला. काही चालू नसताना अर्धा अँपिअर वीज जात होती. कुठे? पत्र्यात, पत्र्यातून खांबात, खांबातून ओल्या जमिनीत. आता गणित करू. आपल्याकडे घरात २३० व्होल्टची वीज येते. अर्धा अँपिअर गुणिले २३० म्हणजे ११५ वॅट. चोवीस तासांत पावणेतीन युनिटांहून थोडे जास्त. महिन्याला ऐंशीच्या वर. त्या घरी बिल वाढले होते आणि घरचा मुलगा मीटर खराब आहे म्हणून तक्रार करायला निघाला होता. मीटर बिचारा खरेच सांगत होता.

तुम्ही म्हणाल, मेनच्या डब्यात एमसीबी होता ना, तो का पडला नाही? याच ठिकाणी पुष्कळांची समजूत चुकते. दिव्यांच्या लाइनीवर सहा अँपिअरचा एमसीबी असतो. तो वायर जळू नये म्हणून असतो. सहा अँपिअरपेक्षा जास्त वीज ओढली गेली तरच तो पडायचा. माणूस मरायला किती लागते? अँपिअरचे हजार भाग करा. त्या एका भागाला मिलीअँपिअर म्हणतात. तीसेक मिलीअँपिअर वीज छातीतून गेली आणि माणूस चिकटून राहिला, तरी जिवावर बेतू शकते. सहा अँपिअर म्हणजे सहा हजार मिलीअँपिअर. सहा हजाराला तीसने भागा. दोनशे. म्हणजे माणसाला धोका ज्या विजेने होतो, तिच्या दोनशेपट होईपर्यंत एमसीबी शांत बसून राहतो. तुमचा दहा वॅटचा दिवासुद्धा निदान चाळीस मिलीअँपिअर घेतो. दिवा लहान आहे म्हणून वीज लहान आहे, असे धरून चालू नका.

माणसासाठी वेगळे यंत्र असते. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने लोक ईएलसीबी म्हणतात. ते करते काय? आम्ही मुलांची सहल नेत असू. निघताना दारात मुले मोजायची, परत येताना मोजायची. चाळीस गेली आणि एकोणचाळीस आली, तर एक मूल वाटेत कुठे तरी राहिले. तसेच हे यंत्र फेजने गेलेली वीज आणि न्यूट्रलने परत आलेली वीज सारखी मोजत असते. तीस मिलीअँपिअरचा फरक पडला, की थोडी वीज भलत्या वाटेने, कदाचित एखाद्या माणसाच्या अंगातून गेली असे समजून डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ते सगळे बंद करते. घेताना त्यावर तीस मिलीअँपिअर लिहिले आहे का ते वाचा. शंभर किंवा तीनशेचेही मिळते, ते आग लागू नये म्हणून असते. माणसाला वाचवायला तीसचेच हवे. एमसीबी असला तरी हे हवे आणि हे असले तरी एमसीबी हवा, कारण जादा वीज ओढली गेल्याचे याला कळत नाही. आणखी एक. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर यालाही फरक दिसत नाही. तेव्हा हे बसवले म्हणून उघड्या वायरशी खेळायचे नाही.

यावर एक लहान बटण असते. वीज चालू असताना महिन्यातून एकदा ते दाबायचे. खट्कन् पडले पाहिजे. न पडले तर यंत्र निकामी आहे, बदला. बिल आले की बटण दाबायचे, अशी सवय लावा. आणि ते पावसात वरचेवर पडू लागले, तर त्रास देते म्हणून काढून टाकणारे लोक आम्ही पाहिले आहेत. कुत्रे भुंकते म्हणून कुत्र्याला हाकलून दार उघडे टाकण्यासारखे आहे ते. पडते याचा अर्थ कुठे तरी गळती आहे. ती शोधायला लावा.

आता काम कसे असावे ते सांगतो. गोठा घराला लागून असेल तर सोपे. वायर तांब्याची, दीड चौरस मिलीमीटर जाडीची, आयएसआयची खूण असलेली. तीन तारा: फेज, न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. दोनच तारा आणल्या तर परत पाठवा. फेजला बहुधा लाल आणि न्यूट्रलला काळी वायर असते, पण रंगावर विश्वास ठेवू नये. आधीच्या माणसाने हाताला आली ती वायर जोडलेली असू शकते. सगळी वायर जाड पाइपातून जावी. पाइपात सांधा नको. सांधा करायचाच तर बंद डबीत, स्क्रूच्या कनेक्टरने. पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा बाहेर एक उन्हाळा टिकतो. उन्हाने पट्टी सुटते आणि पहिल्या पावसात पाणी आत जाते. कडब्याच्या गंजीतून किंवा माळ्यावरच्या वैरणीतून वायर कधी नेऊ नका. तिथे उंदीर असतात, आणि ढिल्या सांध्याची एक ठिणगी पुरे होते.

भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे, म्हणजे पाणी आत येत नाही. दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्यावा. पाणी वायरीवरून ओघळत येते, झोळाच्या टोकाला येऊन ठिबकते, दिव्यात शिरत नाही. गवंड्याला पागोळीचा स्वभाव माहीत असतो, तोच हा. दिव्याचे फिटिंग भिंतीला बसवल्यावर वरची कड आणि दोन बाजू सिलिकॉनने बुजवाव्या, खालची मोकळी ठेवावी. पाणी कुठून तरी जातेच. त्याला बाहेर पडायला वाट हवी.

फिटिंग घेताना खोक्यावर आयपी आणि त्यापुढे दोन आकडे छापलेले असतात. तुम्हांला आता आकडे वाचता येतात, तेव्हा वाचा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि नळीने पाणी मारले तरी बिघडत नाही. उघड्या भिंतीला हे घ्यावे. खोल वळचणीखाली असेल तर आयपी ४४ चालते, त्याला नुसते शिंतोडे सोसतात. गोठा धुताना त्याच्यावर पाण्याची धार मारू नये. आकडेच नसतील तर ते फिटिंग घरातले समजा. नुसता होल्डर वायरला लोंबकळता ठेवून त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली आम्ही पाहतो. ते नकोच.

गोठा घरापासून लांब असेल तर वायर लिंबाच्या फांदीवरून, कुंपणावरून नेऊ नका. खाली अडीच फूट चर खणून जाड चिलखती केबल घाला. खाली-वर वाळू, त्यावर विटांचा थर, म्हणजे पुढे कोणी कुदळ मारली तर आधी वीट लागेल. हा खर्च झेपत नसेल तर सौर दिवा घ्या. त्याचा उजेड कमी, पावसाळी दिवसांत तो रात्रभर पुरत नाही, आणि दोन-चार वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. पण अंगणातून २३० व्होल्टची वायर न्यावी लागत नाही. लांबच्या गोठ्याला आम्ही तोच सुचवू.

अर्थिंगबद्दल मात्र काटकसर ऐकून घेणार नाही. खड्डा घेऊन त्यात अडीच मीटर, म्हणजे आठ फुटांवर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा पुरतात. त्याला जोडलेली तार मेनपाशी आणतात. तिथून हिरवी तार फिटिंगच्या धातूच्या अंगाला आणि शेडच्या पत्र्या-खांबांनाही नीट स्क्रूने जोडायची. असे असते, तर त्या वाडीवर वायर पत्र्याला टेकताच वीज या वाटेने जमिनीत धावली असती आणि आरसीसीबी त्याच क्षणी पडला असता. म्हशीला कळायच्या आतच. उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. कोरडी माती वीज घेत नाही.

आणि एक खोड मोडायची आहे. न्यूट्रल तुटला, की काही लोक फेज घेतात आणि दुसरी तार अर्थिंगला जोडून दिवा पेटवतात. दिवा पेटतो, म्हणून त्यांना वाटते भागले. पण अर्थिंगची तार ही वीज वाहून न्यायची रोजची वाट नव्हे. तिला घरातला फ्रीज, मोटर, पत्रा सगळे जोडलेले असते. खड्डा सुकला किंवा जोड सुटला, की त्या दिव्यातून आलेली वीज या सगळ्यांच्या अंगावर येते. असे कोणी करत असेल, मग तो आपला मेहुणा का असेना, त्याला तिथेच थांबवा.

कपडे वाळत घालायची तार शेडला बांधू नका. हे आम्ही मुद्दाम वेगळे सांगतो. ओले हात, ओले कपडे, लोखंडी तार आणि तिचे एक टोक पत्र्याला. बाई चिकटते, सोडवायला नवरा जातो, त्याला धरायला मुलगा. अशा बातम्या आपण पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचल्या आहेत. नायलॉनची दोरी घ्या, आणि तीही झाडाला नाही तर लाकडी खांबाला बांधा.

बल्ब बदलायचा असेल, तर भिंतीवरच्या बटणावर भरवसा ठेवू नका. का ते मघाशी कळले. मेन पाडा. घरातल्या एकाला मेनपाशी उभे करा, नाही तर दुसरा कोणी "लाइट गेली वाटतं" म्हणून परत चढवतो. टेस्टर आधी चालू जागी लावून पेटतो का ते पाहा, मग दिव्याच्या तारांना लावा, मग पुन्हा चालू जागी. भर उन्हात टेस्टरचा बारीक दिवा दिसत नाही, आणि कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिले तर तो धड पेटतही नाही. तेव्हा टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे होत नाही. शिडी लाकडाची किंवा बांबूची घ्या, लोखंडी-ॲल्युमिनियमची नको.

इतके करूनही कोणी चिकटले तर? हात लावायचा नाही. आईने लेकरालासुद्धा लावायचा नाही. अवघड आहे, पण आधी मेन पाडायचा. मेन लांब असेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या काठीने वायर दूर करायची. मग १०८ नंबरला फोन. माणूस श्वास घेत नसेल तर त्याला सपाट जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायचे. दोन इंच खाली, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत. दमलात तर दुसऱ्याने घ्यायचे. तो शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचेच. खांबावरची तार तुटून पडली असेल, तर मात्र काठी घेऊनसुद्धा जवळ जायचे नाही. लांब राहून १९१२ ला कळवायचे आणि मुलांना, गुरांना तिकडे जाऊ द्यायचे नाही.

आता उद्याचा अभ्यास. प्रत्येकाने आपल्या घरच्या मेनचा डबा बाहेरूनच बघायचा. झाकण काढायचे नाही, बोट घालायचे नाही. एमसीबीवर कोणता आकडा आहे तो पाटीवर उतरवून आणायचा. दाबायचे लहान बटण असलेले यंत्र आहे का, असल्यास त्यावर तीस आहे की शंभर, तेही लिहायचे. ज्यांच्याकडे ते नसेल त्यांनी पाटीवर "नाही" असे लिहून आणावे. वायरमन शनिवारी वर्गाला येणार आहे. पाट्या त्याच्यापुढे ठेवू.